वाडगे कातायला लाकूड कुठलं? परदेशी ठोकळे की परसातला फणस?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला. लाकूड कातायचा लेथ घेतला आहे, बारा इंच व्यासापर्यंतचं काम त्यावर बसतं. लाटणी, भोवरे, कुंकवाचे करंडे आता बरे व्हायला लागलेत, म्हणून वाडग्यांकडे वळायचं म्हणतोय. घरी पर्यटकांची उतरायची सोय आहे, त्यामुळे चार वस्तू मांडून ठेवल्या तर विकल्याही जातील.

यूट्यूबवर बघावं तिकडे पादौक, पर्पलहार्ट, वेंगे, कोकोबोलो ही परदेशी लाकडं. ते लाल-जांभळे रंग बघून हात शिवशिवतात. असे मेणात बुडवलेले ठोकळे हल्ली आपल्याकडेही घरपोच येतात, पण किंमत बघून बोट मागे येतं. दुसरीकडे, जून २०२० च्या निसर्ग वादळात आडव्या झालेल्या आमच्या फणसाचा बुंधा अजून गोठ्यात पडून आहे.

ज्यांनी दोन्ही कातलंय त्यांनी सांगा. परदेशी लाकडात खरंच काही वेगळं आहे की नुसता रंग? आपल्याकडचं कुठलं लाकूड वाडग्याला चांगलं? आणि आपल्या हवेत तडे जाऊ नयेत म्हणून काय करता?

सुतारपक्षी

बुंधा गोठ्यात आहे म्हणजे अर्धं काम झालंय. आधी तोच काढा.

टोकांना तडे गेलेच असतील. दोन्ही टोकं दोन-दोन बोटं कापत जा, भेग दिसेनाशी झाली की थांबा. मग ओंडका उभा चिरा आणि वाढीच्या वर्तुळांचा जो मध्यबिंदू असतो, तो पूर्ण पट्टा काढून टाका. तडे तिथूनच सुरू होतात. तो मध्यबिंदू तळात ठेवून कातलेला वाडगा आज ना उद्या फुटतोच, मग लाकूड फणस असो की कोकोबोलो.

फणसाची खोड एकच. त्याच्या रेषा पट्ट्यापट्ट्याने उलट दिशेला वळलेल्या असतात. गाऊज, म्हणजे पन्हळीसारखं कातायचं हत्यार, एका पट्ट्यावरून सुळकन जातं आणि पुढच्या बोटभर अंतरात धागे उपटून येतात. वाडगा आतून चाचपून बघा, बोटाला खरखर लागेल. ती पॉलिशपेपरने जात नाही, नुसता पेपर संपतो. शेवटचा हात फिरवायच्या आधी गाऊजला नव्याने धार लावायची, अगदी पातळ साल निघेल एवढंच घ्यायचं, आणि आत स्क्रेपर (खरवडायचं हत्यार) सपाट न धरता तिरका धरायचा. खरखर तिथेच संपते.

ताजा फणस असेल तर चिकाचाही त्रास होतो. गरे काढताना हाताला खोबरेल लावतो तसंच गाऊजला लावून घ्यायचं, चीक धरत नाही.

वेगाचा एक हिशोब डोक्यात ठेवा. व्यास इंचांत गुणिले मिनिटाचे फेरे, हा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या आत हवा. म्हणजे आठ इंची वाडगा साधारण ७५० ते ११०० फेऱ्यांवर. ओबडधोबड ठोकळा असताना त्याहून बराच कमी. आणि तोंडावर पूर्ण काच असलेला मुखवटा, फक्त चष्मा नाही.

बाबल

फणसाचो पाट आमच्या देवघरात आजोबांच्या वेळचो आसा. अजून वाळवीन तोंड लावक नाय. वाडगो करा आणि फोटो घाला.

जांभा दगड

मी थोडा विरोधी सूर लावतो. मी रत्नागिरीत पेन, किल्ल्यांचे छल्ले, अंगठ्या ठेवायच्या डब्या करतो. माझं निम्मं काम परदेशी लाकडात आहे आणि त्याचा मला आनंद आहे. पेनला लागतो बोटाएवढा तुकडा. तेवढ्याशा जागेत फणसाची रेषा दिसतच नाही, एकसलग पिवळट-तपकिरी पट्टा दिसतो. पादौकचा तेवढाच तुकडा टेबलावरून नजर खेचून घेतो. वेंगे जवळजवळ काळं, त्यात बारीक तपकिरी रेघा. पर्पलहार्ट कापल्या कापल्या मळकट दिसतं आणि हवा-उजेड लागून जांभळं होत जातं, ते बघायला मजा येते.

गिऱ्हाईक लाकडाचं नाव विचारतं. मुंबईहून आलेल्या माणसाला 'हे आफ्रिकेचं' म्हटलं की तो वस्तू परत हातात घेतो. 'आमच्या परसातलं' म्हटल्यावर तसं होताना मी पाहिलेलं नाही.

केवड्याचं बन

@जांभा दगड, मला अगदी उलटा अनुभव आहे. मी सावंतवाडीची. इथल्या चितारआळीत लोक लाकडी फळं, पाट, ठकी (लाकडी बाहुली) घ्यायला मुद्दाम वाट वाकडी करून येतात. त्यांना हवं असतं ते इथलंच. आफ्रिकेचं लाकूड घ्यायला कोणी सावंतवाडीला येत नाही. पांगाऱ्यासारखं हलकं, फिकं, मऊ लाकूड आमच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलं, आणि रंगाची हौस लाखेने आणि कुंचल्याने भागवली.

इथल्या राजवाड्यात राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचं, काम पुन्हा उभं केलं, तेव्हा हा हुन्नर जवळजवळ संपल्यात जमा होता. आज तो दिसतो, कारण कोणीतरी 'हे आपलं आहे' असं ठासून सांगितलं. पेनच्या डबीवर झाडाचं नाव, गावाचं नाव आणि झाड कसं पडलं ते दोन ओळींत लिहून बघा. विकत घेणारा माणूस वाचतो.

जांभा दगड

डबीवर लिहायचं पटलं. करून बघतो. पेनच्या पादौकवर मात्र ठाम आहे. :)

अबोली

रंगांबद्दल एक राहिलं. हे रंग टिकत नाहीत. पादौकचा केशरी-लाल उन्हाउजेडाने तपकिरी होतो, पर्पलहार्टचा जांभळाही तपकिरीकडे जातो. खिडकीजवळ ठेवलेल्या वस्तूला फार वेळ लागत नाही. वार्निश कुठलंही लावा, उशीर होतो एवढंच. फणसही बदलतो, पण त्याचा पिवळा गडद होत मधाळ तपकिरी होतो आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतो. तो पिवळा रंग मोरिन नावाच्या द्रव्याचा. आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या लाकडाच्या भुशाने रंगवत आले आहेत. तेव्हा भुसा टाकू नका, सुती कापड रंगवून बघा, आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून.

सोलकढी

वाडगा कातायचा, उरलेल्या भुशात रुमाल रंगवायचा, चुलीत ढलप्या घालायच्या आणि वाडग्यात गरे खायचे. फणसाएवढं कोणी राबत नाही!

दर्यावर्दी

मी जहाजावर इंजिनाकडे होतो, म्हणून लाकडाची वेगळी बाजू सांगतो.

लिग्नम वायटी नावाचं झाड आहे, कॅरिबियन आणि मध्य अमेरिकेतलं. पाण्यात दगडासारखं बुडतं, घनता १.२ च्या आसपास. साग ०.६५ च्या घरात, शिसव ०.८५, यावरून अंदाज घ्या. जुन्या जहाजांत पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथल्या बेअरिंगला याच लाकडाच्या पट्ट्या असत. लाकडातच राळेसारखं तेलकट द्रव्य असतं आणि वंगण म्हणून समुद्राचं पाणी पुरतं. एवढ्या वजनाचा दांडा त्यावर वर्षानुवर्षं फिरायचा. हे लाकूड हातात घेतलं की बोटांना मेण लागल्यासारखं वाटतं.

सांगायचा मुद्दा, या परदेशी लाकडांचं नाव रंगामुळे झालेलं नाही. प्रत्येकाचा काहीतरी गुण होता म्हणून ती जगभर गेली. आणि गेली म्हणूनच संपत आली. लिग्नम वायटीवर आज आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. तेव्हा नुसता रंग हवा म्हणून ती आणायची का, हा विचार व्हावा.

रानवाटा

दर्यावर्दी काकांनी विषय काढलाच आहे तर कायद्याचं सांगते. मी दापोलीला वनशास्त्र शिकले.

कोकोबोलो, आफ्रिकन ब्लॅकवुड आणि आपला शिसव ही सगळी डालबर्जिया या एकाच वंशातली झाडं. २ जानेवारी २०१७ पासून हा अख्खा वंश साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवान्यावरच त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार होतो. ब्राझीलचा रोझवूड त्याच्या कितीतरी आधी, १९९२ पासून, पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापार जवळपास बंदच. २०१९ च्या जिनिव्हाच्या बैठकीत दुसऱ्या परिशिष्टातल्या डालबर्जियाच्या तयार वस्तूंना खेपेमागे १० किलोपर्यंत सवलत मिळाली, पण ती तयार वस्तूंना. कातायचा कच्चा ठोकळा त्यात येत नाही. आफ्रिकन पादौक २०२२ च्या पनामा बैठकीत यादीत आला. आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या याद्या चौथ्या अनुसूचीत घेतल्या आहेत, त्यामुळे हा विषय आता विमानतळावरच संपत नाही.

म्हणून विकत घ्यायचंच तर पक्क्या बिलावर, लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घेऊन. परदेशातून परस्पर पार्सल मागवू नका. साइट्सच्या कागदांखेरीज वनस्पती संगरोधाचं, म्हणजे लाकडात कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्रही लागतं.

आता घरचं. आपलं झाड, आपली जमीन, म्हणून तोड, असं चालत नाही. १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, बिबला, हळदू, साग, चंदन, खारफुटी सगळं आहे. झाड वादळात पडलं तरी पंचनाम्याचा कागद जपून ठेवा आणि ओंडका गाडीतून हलवण्याआधी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात वाहतूक पासची चौकशी करा. देवराईतलं पडलेलं लाकूड गाव उचलत नाही, तुम्हीही उचलू नका.

खाडीपलीकडे

@रानवाटा, हे कोणी एवढं नीट सांगितलं नव्हतं. आमच्या फणसाचा पंचनामा झालेला आहे, नुकसानभरपाईच्या वेळी. तो कागद शोधून ठेवतो.

घाटमाथा

पुण्याहून लिहितोय. कोकणातल्या एका ठिकाणाहून ऑगस्टमध्ये आंब्याच्या लाकडाचा सुरेख वाडगा घेतला होता. मार्च उजाडेपर्यंत तो लांबट झाला आणि काठापासून तळापर्यंत एक तडा गेला. विकणाऱ्याला कळवलं तर 'लाकूड आहे, चालायचंच' असं उत्तर आलं. मला ते अजिबात पटलं नाही. पर्यटक बहुतेक घाटावरचेच असतात, मग वस्तू घाटावर टिकेल अशी का करत नाहीत?

सुतारपक्षी

@घाटमाथा, तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. हा या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा पसरून लिहितो.

लाकूड कधी 'सुकून संपत' नाही. भोवतालच्या हवेत जेवढा दमटपणा असेल त्याच्याशी ते जुळवून घेतं. हवेत ८५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी १८ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. ४० टक्के असेल तर साडेसातच्या आसपास. आपल्याकडे पावसाळ्यात पहिली स्थिती, पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये दुसरी. म्हणजे ऑगस्टमध्ये कोकणात 'सुकलेला' म्हणून कातलेला वाडगा पुण्यात गेल्यावर उरलेलं सगळं पाणी सोडतो. आणि लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आटत नाही. वर्तुळांच्या कडेने जास्त, केंद्राकडे कमी, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून गोल लांबट होतो, आणि लाकूड अडलं तर फुटतो.

मी वाडगा दोनदा कातायचा शिरस्ता ठेवलाय. ओल्या लाकडातच पहिला जाड वाडगा काढायचा, भिंतीची जाडी व्यासाच्या दहावा हिस्सा. दहा इंची वाडगा असेल तर इंचभर. मग जिथे रेषा आडव्या कापल्या गेल्यात त्या दोन बाजूंना वितळलेलं मेण फासायचं, कारण पाणी तिथून सगळ्यात आधी पळतं. तळाला पेन्सिलने तारीख आणि वजन लिहायचं. चुलीपासून, पंख्यापासून लांब, कागदी पिशवीत घालून माळ्यावर ठेवायचा. दर काही दिवसांनी वजन करून तळावरच लिहीत जायचं. वजन उतरायचं थांबलं की तो तुमच्या हवेपुरता सुकला. या वेळेपर्यंत तो वाकडा झालेला असतो, पण जाडी शिल्लक असल्यामुळे पुन्हा गोल कातता येतो.

कोकणात हे वजन पावसाळ्यात उतरत नाही, उलट वाढतं. म्हणून दुसरा हात माघ-फाल्गुनात फिरवायचा आणि त्याआधी वाडगे बंद खोलीत काही आठवडे आर्द्रता कमी ठेवून, म्हणजे डीह्युमिडिफायर लावून, सुकवायचे. ज्याला घाटावर माल पाठवायचाय त्याने हा खर्च करायलाच हवा. पावसाळ्यात मी फक्त पहिले हात उरकतो.

भोवरा

परदेशी ठोकळे मेणात बुडवलेले असतात ते याचसाठी ना? मला वाटायचं चकाकी यावी म्हणून.

सुतारपक्षी

याचसाठी. आणि म्हणूनच मेण लावलेला ठोकळा आतून बहुधा ओला असतो. 'सुकं लाकूड' समजून एका दमात वाडगा करू नका.

लाटणेवाली

तेलाचं कोणीच बोललं नाही, आणि वाडग्यात खायचं तर तेच महत्त्वाचं. खोबरेल कधी वाळत नाही. ते लाकडात नुसतं बसून राहतं आणि पावसाळ्यात खवट वास मारतं. जवसाचं तेल वाळतं, पण हार्डवेअरच्या दुकानात 'बॉइल्ड' म्हणून मिळतं त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. खाण्याच्या भांड्याला घाण्याचं कच्चं जवस तेल, अगदी पातळ हात, पुसून घ्यायचं आणि आठवडे दोन आठवडे विसरून जायचं. दमट हवेत त्याहून जास्त.

मी लाटणी-पोळपाटाला मधमाशीचं मेण आणि मुठेल एकत्र वितळवून लावते. मुठेल, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या) बियांचं तेल, वाळत नाही, पण ते घट्ट असतं, ४० अंशांच्या आसपास वितळतं आणि खवटही लवकर होत नाही. आजी टाचांच्या भेगांना लावायची तेच. हाताच्या उबेने चोळलं की लाकडात मुरतं. वरण-आमटीच्या वाडग्याला मात्र हे टिकणार नाही, गरम पदार्थाने सुटतं. सुका मेवा, फळं, भाकरी ठेवायला उत्तम.

बाबल

उंडेल तेल चलात काय? होडयेक लावतत ता.

लाटणेवाली

बाबलदादा, होडीलाच लावा. उंडेल, म्हणजे उंडीच्या बियांचं तेल, खाण्याच्या भांड्याला नको, ते खायचं तेल नाही. काजूच्या टरफलांचं तेल तर मुळीच नको, कातडी सोलून निघते.

अबोली

कातडीवरून आठवलं, आणि हे कळकळीने लिहितेय. लाकडाचा भुसा हा नुसता कचरा नाही. कोकोबोलो, रोझवूड या मंडळींच्या भुशाने कित्येक कातणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठतं, डोळे सुजतात, दम लागतो. पहिल्या काही वेळा काहीच होत नाही आणि मग एकदा शरीराने धसका घेतला की पुढे आयुष्यभर थोड्याशा भुशानेही त्रास होतो. आपल्याला बिबा उततो, आंब्याच्या चिकाने गाल भाजतो, ते माहीत असल्यामुळे आपण झाडाला जपून हात लावतो. परदेशी लाकडाच्या बाबतीत ती जाण नसते, कारण ते झाड आपण कधी पाहिलेलंच नसतं.

साधा कापडी रुमाल पुरत नाही. किमान एन-९५ मास्क, पेपर मारत असाल तर काडतुसांचा रेस्पिरेटर. दारं उघडी, अंगावर पूर्ण बाह्यांचं पण घट्ट मनगटाचं काही. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी लेथजवळ नाही म्हणजे नाही.

सातासमुद्रापलीकडे

मी हवाईत राहतो, मूळचा हर्णैचा. धागा वाचताना राहवलं नाही.

इथल्या दुकानांत 'मिलो'चे आणि 'कामानी'चे वाडगे काचेच्या कपाटात ठेवलेले असतात, किमती डोळे पांढरे करणाऱ्या. पूर्वी इथले लोक याच लाकडांच्या वाडग्यांतून जेवत, कारण मिलोच्या लाकडाची चव अन्नाला लागत नाही. मिलो म्हणजे आपली भेंड, जिला पारोसा पिंपळ म्हणतात ती. कामानी म्हणजे आपली उंडी. दोन्ही आमच्या हर्णैच्या किनाऱ्यावर मी लहानपणापासून बघत आलोय, भेंडीच्या पिवळ्या फुलांच्या पिपाण्या केल्यात. आणि इथे पर्यटकांना खपवले जाणारे 'मंकीपॉड'चे मोठाले वाडगे म्हणजे आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेला वर्षावृक्ष.

तुम्ही ज्याला परसातलं म्हणताय ते इथे येऊन लोक डॉलर मोजून नेतात. भेंडीचा गाभा कातून बघाच. चॉकलेटी, मधूनच गुलाबी झाक, रेषा घट्ट, आणि कातताना फणसासारखा हट्ट करत नाही.

खाडीपलीकडे

भेंड! आमच्या कुंपणाला आहे, छाटणी झाली की फांद्या सरळ चुलीत जातात. या वर्षी जाणार नाहीत.

कोंडकारूळ

बिबल्याबद्दल कोणी लिहिलं नाही. बिबल्याच्या पेल्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी त्याला पिवळसर-तपकिरी रंग येतो आणि उजेडात धरलं की निळी झाक मारते. मधुमेहावर पितात. तसे पेले कातले तर भरपूर खपतील.

अबोली

पेले जरूर काता, लाकूड देखणं आहे. पण 'साखर उतरते' असं लिहून विकू नका. कोणी गोळ्या बंद केल्या तर त्याचं पाप कोणाच्या माथी?

कोंडकारूळ

बरोबर. 'बिबल्याचा पेला' एवढंच लिहावं.

रानवाटा

आणि बिबला यादीत आहे, वर लिहिलंय तसं. जुनं घर उतरवताना निघालेल्या वाशांत, खांबांत बिबला, ऐन, किंजळ मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या सुकलेलं लाकूड असतं, घाटमाथा यांच्यासारख्यांची तक्रारही येणार नाही. फक्त आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. एक खिळा गाऊजच्या धारेची वाट लावतो.

केवड्याचं बन

खाडीपलीकडे यांना लाखेचं सुचवते, छोट्या वस्तूंसाठी. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते. कर्नाटकात खेळण्यांच्या चन्नपट्टणला मग केवड्याच्या जातीचं पान त्यावर दाबून फिरवतात, त्याने लाख सारखी पसरते आणि लख्ख चमक येते. त्यांचं लाकूड म्हणजे आपला काळा कुडा. आपल्याकडे काळा कुडा आहे, किनाऱ्यावर केवडा आहे, अजून काय हवं? जांभा दगड यांना हवा तो लाल रंग लाखेने मिळेल आणि तो पादौकपेक्षा जास्त टिकेल. गरम पदार्थाच्या भांड्याला मात्र लाख नको, ती उष्णतेने मऊ पडते. करंडे, भोवरे, सोंगट्या, लहान मुलांची खेळणी यांना सुरेख.

जांभा दगड

लाख करून बघायची आहे, सावंतवाडीला एक दिवस शिकायला येऊ का?

केवड्याचं बन

जरूर या. चतुर्थी आटोपल्यावर या, त्याआधी इथे कोणाला मान वर करायला सवड नसते.

खाडीपलीकडे

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय. फणसाचा बुंधा चिरला. टोकांचे तडे हातभर आत गेले होते, तरी मधून सात चांगले ठोकळे निघाले. बाहेरचा पांढरा भाग किड्याने पोखरला होता, आतला पिवळा गाभा जसाच्या तसा. नऊ इंची एक वाडगा पहिल्या हाताला कातून माळ्यावर आहे. धार लावून पातळ साल काढायची युक्ती तंतोतंत लागू पडली, आतून हात फिरवला तर कुठे अडत नाही.

पादौकचा एकच छोटा तुकडा घेतला, बिलासकट. त्याची झाकणाची मूठ केली फणसाच्या डबीला. पिवळ्यावर लाल फार शोभून दिसतं. यापुढे परदेशी लाकूड माझ्याकडे एवढंच, मुठीपुरतं आणि नक्षीपुरतं. वाडगे सगळे इथल्या पडलेल्या झाडांचे. प्रत्येकाच्या तळाशी झाडाचं आणि वाडीचं नाव कोरणार आहे.

एक शंका. दोन ठोकळ्यांत केसाएवढी भेग आहे, कडेपासून दोन इंच आत गेलेली. भरून कातावं का?

सुतारपक्षी

मुठीपुरतं परदेशी, हे मला आवडलं. भरपूर वाडगे करा.

भेगेचं सांगतो. भेग काठाला समांतर जात असेल तर तो ठोकळा वाडग्याला वापरूच नका, फिरताना काठाचा तुकडा सुटून तोंडावर येतो. पातळ सुपरग्लू घालून भेग भरलेली दिसते, पण आत धरलेली असेलच असं नाही. तळाकडे उभी जाणारी भेग असेल तर तेवढा भाग कापून लहान वाडगा किंवा करंडा करा. शंका असेल तर ठोकळा बोटाने ठोकून ऐका. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर त्याची लाटणी करा.

बाबल

आणि फोटो खय आसत?